अडीच सूत

रस्त्यानं एखादी जुनी वडापची जीप गेली की माझा हात अजून थांबतो. समोर गिऱ्हाईक असलं, भाव ऐन रंगात आला असला, तरी थांबतो. गिऱ्हाइकाला वाटतं, हा गप्प झाला म्हणजे आता भडकणार. घाबरून ते स्वतःच दोन पावलं वर चढतं. माझा त्यात फायदाच होतो, म्हणून मी कुणाला खरं सांगत नाही. खरं म्हणजे मी त्या वेळी जीपच्या मागच्या बाकाखालून येणारा आवाज ऐकत असतो. तो येत नाही. जीप पुढं जाते आणि मी पुन्हा भावाला बसतो.

माझं दुकान शाहूपुरीत आहे. सीटकव्हर, टेप, स्पीकर, ॲम्प्लिफायर, काचेची फिल्म, गाडी सजवायला जे जे लागतं ते सगळं. हे दुकान मला कुणी दिलेलं नाही. एकेक खिळा मी घासाघीस करून आणलाय, आणि त्यामुळं माझ्याशी घासाघीस करणाऱ्याचा मला राग येतो. बाजारात माझं तोंड वाईट म्हणून ओळखतात. असू दे.

पण हे दुकानाचं नाही. माझ्या थोरल्या भावानं माझ्या माघारी आमची जीप विकली, त्याचं आहे. जीपचं मी कधीच सोडून दिलं. त्या जीपमध्ये एक खोकं होतं. ॲम्प्लिफायरचं, सागवानी, आम्ही दोघांनी हातानं केलेलं. ते त्यानं जीपबरोबर जाऊ दिलं. ते खोकं मला परत पाहिजे होतं, आणि त्यासाठी मी काही वर्षं कागल रस्त्याच्या कडेकडेनं कान लावून हिंडलो.

आम्ही मूळचे राधानगरीकडचे. तिकडं पाऊस असा की चूल पेटवायला सुकं लाकूड मिळायची मारामार. दादा आधी कोल्हापुरात आला, उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत पॅटर्नच्या खात्यात लागला, आणि मग त्यानं मला आणलं. फौंड्रीत लोखंडाचा भाग ओतायचा तर आधी तो लाकडात करावा लागतो. त्या लाकडावर वाळू ठोकायची, लाकूड काढून घ्यायचं, राहिलेल्या पोकळीत रस ओतायचा. त्या लाकडाला पॅटर्न म्हणतात. दादा पॅटर्न करायचा, आणि त्याला त्याचा माज होता. फौंड्रीचा मालक मोटारीतून उतरून पॅटर्न बघायला आला तरी हा रंधा थांबवायचा नाही.

मी मात्र दादासारखा एका जागी बसणारा नव्हतो. आधी बॅटरीच्या दुकानात, मग वायरिंग, मग ड्रायव्हर. नव्वदनंतर वडापचा जोर आला. स्टँडबाहेर जीप उभी करायची, "कागल, कागल, कागल" म्हणून घसा फोडायचा, आठ माणसांच्या जागेत सोळा कोंबायची, टपावर दुधाचे कॅन चढवायचे आणि निघायचं. दोघांनी मिळून एक जुनी जीप घेतली. कागदं दादाच्या नावावर, कारण पगारी माणूस तो. चालवायचो मी.

स्टँडवर सगळ्या जीपा सारख्याच. पाटी तीच, धूळ तीच, ड्रायव्हरची शिवीही तीच. मग माणूस कुठल्या जीपमध्ये चढणार? तर जिच्यात गाणं वाजतं तिच्यात. हे मी लवकर ओळखलं. टेप बसवला. पण जीपचं इंजिन चालू झालं की टेपचं गाणं मेलंच. पुढच्या सीटवरच्यालाच काय ते ऐकू यायचं, मागच्या बाकावरची बायामाणसं ओरडायची, "ड्रायव्हर, आमी काय फुकट बसलोय व्हय? जरा वाढवा की!" वाढवलं की स्पीकर फाटल्यासारखा ओरडायचा. ॲम्प्लिफायर पाहिजे होता.

बाजारात तयार मिळायचे, पण पत्र्याचे. जीपच्या हादऱ्यानं त्यांचे स्क्रू पंधरवड्यात ढिले व्हायचे, आत धूळ, आणि गाण्यापेक्षा पत्राच जास्त वाजायचा. त्यासाठी दुकानदार जो भाव सांगायचा तो ऐकून मी त्याला जे बोललो ते इथं लिहिता येणार नाही. ॲम्प्लिफायरचं आतलं काम मला येत होतं. प्रश्न घराचा होता. मी दादाला म्हटलं, "मला एक खोकं करून दे."

"कशाचं?"

"ॲम्प्लिफायरचं. जीपच्या मागच्या बाकाखाली बसाय पाहिजे. हलाय नको, वाजाय नको, तापाय नको."

"आणि खायाला काय घालू त्येला?" दादा म्हणाला. पण त्यानं कानावरची पेन्सिल काढली.

फौंड्रीला सोमवारी सुट्टी. आमच्या खोलीमागं फरशीचं अंगण होतं, एक शेवग्याचं झाड होतं. त्या पावसाळ्यानंतरचे सोमवार आमचे त्या अंगणात गेले. मी सकाळच्या एक-दोन फेऱ्या मारून यायचो, तोवर दादानं लाकूड मांडलेलं असायचं. मोडीत निघालेल्या पॅटर्नचं सागवान त्यानं फौंड्रीतून रीतसर मागून आणलं होतं. इतकी वर्षं सुकलेलं की नख मारलं तर उमटायचं नाही. रंधा चालला की त्याच्या पातळ ढलप्या फरशीभर व्हायच्या. वहिनी त्या गोळा करून बंबात घालायची आणि म्हणायची, "तुमच्या गाण्याच्या पेटीवर माझं पाणी तापतंय."

ताप ही खरी अडचण होती. ॲम्प्लिफायरचे ट्रान्झिस्टर तापतात, त्यांचा ताप बाहेर गेला नाही तर ते जळतात, आणि लाकूड काही ताप बाहेर सोडत नाही. दादानं तोड काढली. झाकण ॲल्युमिनियमचं ओतायचं, वर उभ्या पात्या पात्या असलेलं. ट्रान्झिस्टर झाकणाला आतून जखडायचे, पात्यांना वारा लागेल. म्हणजे आधी झाकणाचा पॅटर्न करायचा आणि मग खोकं.

मी जीपखाली आडवा होऊन माप घेतलं. बाकाला दोन बाजूंना लोखंडी अँगल होते आणि खोकं त्यांच्या मध्ये बसायचं होतं. मी खालूनच ओरडलो, "दोन फूट! वर एक सूत आहे, पण तू दोनच धर."

दादानं दोन धरलं. आधी झाकणाचा पॅटर्न केला. हातासरशी त्याच पट्टीनं खोक्याच्या फळ्या आखल्या, कापल्या, खाचा पाडून सांधे एकमेकांत बसवले. एक खिळा नाही. झाकण ओतून, घासून आलं ते वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. त्याच्या पात्या अशा सरळ की बोटं फिरवावीशी वाटावीत. दादानं ते खोक्यावर ठेवलं.

झाकण बसलं नाही. म्हणजे खाली पडलं नाही, पण एका बाजूला फट राहिली. बोट जाईल एवढी नाही, पण चवली उभी सरकेल एवढी.

मी टेप लावला. झाकण दोन फूट, अगदी तंतोतंत. खोकं दोन फूट आणि वर अडीच सूत, म्हणजे पाव इंचाहून जरा जास्तच.

दादा उकिडवा बसला होता. त्यानं खोक्याकडं बघितलं, हातातल्या पट्टीकडं बघितलं आणि ती पट्टी फरशीवर आपटून हसायला लागला. मला आधी कळेना. मग त्यानं ती पट्टी माझ्या टेपशेजारी धरली. दोन्हीवर दोन फूट लिहिलेलं, आणि एक दुसऱ्यापेक्षा लांब.

ती फौंड्रीची पट्टी होती. ओतलेला धातू थंड होताना आकसतो. म्हणून पॅटर्न थोडा मोठा करावा लागतो. तो किती मोठा याचा हिशेब दर वेळी नको, म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा प्रत्येक इंच आधीच ताणलेला. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर फुटाला सव्वा सूत जास्त. झाकणाला ती बरोबर होती. धातू आकसला आणि मापात आला. दादानं तीच पट्टी हातात ठेवून लाकडाचं खोकं केलं, आणि लाकूड काही आकसलं नाही.

"आता गं बया," वहिनी दारातून म्हणाली. "ह्यास्नी सांगा कुणीतरी, लाकडाचा रस हुत न्हाय म्हणून."

"आयुष्यभर जे माप धरलं तेच हातात आलं," दादा म्हणाला. त्याला त्याचं काही वाटलंच नाही. त्याला गंमत वाटत होती. मला वाटत नव्हती. मी अँगलच्या मध्ये खोकं घालून बघितलं. शिरेना. मी म्हटलं, "दोन्ही बाजूंनी रंधा मार. सूतभर इकडं, सूतभर तिकडं."

"सांधे उघडे पडतील."

"मग पडू देत."

"मी करणार न्हाय," दादा म्हणाला. "जीप काप."

यावरून आमची अंगणातच जुंपली. मी म्हणत होतो, जीप पोटाला देते, खोकं नाही. तो म्हणत होता, लोखंड काय, कापलं की परत जोडता येतं. लाकडाचा सांधा एकदा गेला की गेला. शेजारचे लोक कठड्यावर येऊन उभे राहिले. शेवटी जीपच कापली. एका बाजूचा अँगल गॅसनं कापला, खोकं आत सरकवलं, आणि अँगल परत त्याच्या अंगाला लागून वेल्डिंग केला. खोकं असं घट्ट बसलं की जीप उलटी केली असती तरी पडलं नसतं. पण आता ते बाहेर काढायचं तर एकच मार्ग होता. पुन्हा अँगल कापायचा, नाहीतर खोकं.

वेल्डिंगच्या आधी दादानं आणखी एक काम केलं होतं. आतले चारही कोपरे त्यानं भरले. फौंड्रीत आतला कोपरा धारदार ठेवत नाहीत, तिथून ओतकाम तडकतं. म्हणून पॅटर्नच्या कोपऱ्यात चामड्याची पट्टी चिकटवून तो गोल करतात. चप्पल लाइनीतून त्यानं कातरलेल्या चामड्याच्या कडा आणल्या, सरस तापवला, एकेक पट्टी अंगठ्यानं कोपऱ्यात दाबत नेली. झाकणाची फटही तशीच चामड्यानं भरली. मी म्हटलं, "हे ओतायचं न्हाय, दादा. ह्यात कोण रस घालणार हाय?" तो म्हणाला, "कोपरा उघडा सोडला की मला झोप येत न्हाय, भावा."

आणि मग ते वाजलं.

त्या आवाजाचं काय सांगू. आता माझ्या दुकानात परदेशी बनावटीचे तयार ॲम्प्लिफायर आहेत, छाती हादरेल असे. पोरं येतात, मोटारीच्या डिकीत लावून घेतात, काचा थरथरायला लागल्या की खूश होऊन जातात. त्या खोक्याचा आवाज तसा नव्हता. तो मोठा होता, पण अंगावर येत नव्हता. काही खुळखुळत नव्हतं, काही गुणगुणत नव्हतं. चामड्यानं असेल, सुकलेल्या सागवानानं असेल, का नुसतं ते अँगलमध्ये आवळून बसलं होतं म्हणून असेल. उजळाईवाडीच्या चढाला जीप दुसऱ्या गिअरात कण्हायची आणि त्या कण्हण्यावर गाणाऱ्याचा श्वास ऐकू यायचा. मागच्या बाकावर बायका बोलायच्या थांबायच्या. कागलच्या बाजाराला जाणाऱ्या म्हाताऱ्या दुसरी भरलेली जीप सोडून माझ्या रिकाम्या जीपमध्ये येऊन बसायच्या आणि सांगायच्या, "भरू दे की सावकाश, आमास्नी काय घाई न्हाय." वडापमध्ये घाई नसलेलं माणूस मी त्याआधी बघितलं नव्हतं.

दादा सोमवारी कधीकधी नुसता बसायला यायचा. पुढं नाही, मागं, त्या बाकावर, बायकांच्या पाट्यांमध्ये पाय दुमडून. कागलला उतरायचा नाही. परत यायचा. उतरताना मला म्हणायचा, "अडीच सूत वाजतंय बघ."

पुढं फौंड्रीला वाईट दिवस आले. निम्म्या भट्ट्या बंद. बेळगावला वहिनीच्या माहेरच्यांनी एका फौंड्रीत दादासाठी शब्द टाकला. इथपर्यंत मला माहीत होतं. तिकडं घर मांडायचं तर जीप विकावी लागेल, हेही बोलणं झालं होतं. मी एवढंच सांगितलं होतं की भाव मी करणार. त्या घरात भाव करणारा मी एकटाच होतो. दादाला साधी मेथीची पेंडी घेता येत नव्हती.

मी इंजिनाचे भाग आणायला पुण्याला गेलो. परत आलो तर अंगणात जीपच्या जागी फरशीवर तेलाचा डाग. दादा शेवग्याखाली बसून चहा पीत होता.

"दिली," तो म्हणाला. "कागलच्या पुढचं पावणं हुतं. भलं माणूस."

"भाव?"

त्यानं सांगितला. इतका पडेल भाव मी जन्मात ऐकला नव्हता. मग माझ्या ध्यानात आलं.

"खोकं कुठाय?"

"जीपमधी."

"काढून का घेतलं न्हाईस?"

"अँगल कापाय लागला असता. पावणं म्हणालं, कापलेली जीप मला नको."

"मग खोकं कापायचं हुतं!"

दादानं कप खाली ठेवला. "खोकं कापू?" तो म्हणाला. "मी?"

यापुढं मी जे बोललो ते गल्लीनं ऐकलं. ते बोललो याचं मला अजूनही काही वाटत नाही. खोक्यात निम्मा मी होतो. आतली एकेक तार माझी होती. ते मला न विचारता दिलं. कापलं असतं तर तुकडे तरी माझ्याकडं राहिले असते. दादा काही बोलला नाही आणि त्याचाच मला जास्त राग आला. भांडणात समोरचा बोललाच नाही तर आपण सगळं कुणाला बोलायचं? महिन्याभरात ते दोघं बेळगावला गेले. वहिनीचा दिवाळीला फोन यायचा. मी दुकानातून बोलायचो, गिऱ्हाईक आहे म्हणायचो. तिच्या मागं दादाचं खोकणं ऐकू यायचं. "ह्यांना देऊ का?" ती विचारायची. मी म्हणायचो, "राहू दे." त्याला बोलायचं असतं तर त्यानं फोन हातात घेतला असता.

मग मी जीप शोधायला लागलो. घेणाऱ्यानं ती वर्षभरात पुढं विकली होती, त्या पुढच्यानं आणखी पुढं. निपाणीच्या बाजारात एकदा बघितल्याचं कुणी म्हणालं. दुसरा म्हणाला, मुरगूडकडं ऊसतोडीवाल्यांकडं आहे. मी जायचो, जीप दुसरीच असायची. पुढं वडापच्या जीपाच कमी झाल्या. मी दुकान वाढवलं, आणि एखादी जुनी जीप गेली की हात थांबायची सवय तेवढी राहिली.

एके दिवशी दुपारी दुकानात एक म्हातारे गृहस्थ आले. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, पांढरा शर्ट, खिशाला पेन. "जय भीम" म्हणाले आणि काउंटरवर रुमाल उलगडला. आत जळालेला ट्रान्झिस्टर.

"ह्यो मिळंल?"

"जुना आहे. महाग पडेल."

"जुना हाय म्हणून महाग, नवा असता तर नवा म्हणून महाग," ते म्हणाले. "तिकिटं फाडण्यात जन्म गेला, पावणं. आमास्नी नका सांगू."

मला माणूस आवडला. मी विचारलं, कशात लावायचाय? ते म्हणाले, गावातल्या बुद्ध विहारात ॲम्प्लिफायर आहे. भारनियमनात लाइट जाते नेमकी वंदनेच्या वेळेला, म्हणून बॅटरीवरचा ठेवलाय. "कंपनीचा न्हाय. लाकडी खोकं हाय. आतनं कोपऱ्याकोपऱ्याला चामडं लावलंय. वर ॲल्युमिनियमचं झाकण."

मी नोकराला दुकान सांभाळायला सांगितलं आणि त्यांना माझ्या गाडीत घातलं. वाटेत मी एक शब्द बोललो नाही. भाव करताना पहिला नियम हाच, की आपल्याला वस्तू किती पाहिजे ते समोरच्याला कळू द्यायचं नाही.

विहार म्हणजे वस्तीच्या मध्ये एक स्वच्छ खोली, पुढं फरशी. आत चौथऱ्याच्या एका बाजूला पांढऱ्या कापडाखाली ते होतं. कंडक्टरांनी कापड काढलं. सागवान काळपट झालं होतं. पात्यांत धूळ नव्हती, कुणीतरी रोज पुसत होतं. आणि खोक्याच्या एका अंगाला, अजून आवळलेला, गॅसनं कापलेला अँगलचा हातभर तुकडा होता.

"जीप भंगारात गेलती," कंडक्टर म्हणाले. "आमची पोरं गेली हुती पत्रा आणाय. ह्ये दिसलं. भंगारवाला म्हणाला, न्या, पर ते निघत न्हाय. मग जीपच कापली."

शेवटी जीपच कापली होती.

मी खिशातला टेप काढून लावला. दोन फूट, वर अडीच सूत. मग मी भावाला बसलो. मी माझ्या आयुष्यात एवढा भाव कुणाला दिला नव्हता. नवा तयार ॲम्प्लिफायर देतो म्हटलं, दोन मोठे स्पीकर, नवी बॅटरी, बसवून देतो, बिघडला तर जन्मभर मी बघतो. आसपासची माणसं जमली. एक बाई कडेवरच्या पोराला म्हणाली, "बघ, दिवाळी आली आपल्याकडं." कंडक्टर ऐकत होते. मी थांबलो तेव्हा म्हणाले, "बसा. च्या घ्या."

"चहा नको. बोला."

"बोलायचं काय? विकायचं न्हाय."

"का? मी देतोय ते याच्या दसपट चांगलं आहे."

"असंल की. ह्येच्यावर आमची पोरं वंदना शिकल्यात. आणि दुसरं म्हणजे," त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "तुमच्या आधी एकजण येऊन गेल्यात. बेळगावास्नं. भंगारवाल्याकडनं पत्ता काढत आले हुते. हळू बोलत हुते. त्येनीबी बसून बघितलं. विकता काय म्हणून विचारलं न्हाय. आतलं चामडं उकललं हुतं ते परत लावून दिलं, दिवसभर बसून. जाताना म्हणाले, माझा धाकटा येईल कधीतरी. रागीट हाय. भाव करील. कितीबी दिला तरी त्येला विकू नका. त्येला नुसतं वाजवून दाखवा."

मी उठून बाहेर आलो. माझ्या माघारी जीप विकली, आणि आता माझ्या माघारी हेही ठरवून ठेवलं. म्हणजे खोकं कुठं आहे ते त्याला माहीत होतं. सांगता आलं असतं. एक फोन होता. वहिनीच्या मागं उभा राहून खोकण्यापेक्षा एवढं एक वाक्य बोलता आलं असतं. मी फरशीवर येरझाऱ्या घालत राहिलो. कुणी मला थांबवलं नाही. त्यांना आधीच सांगून ठेवलेलं होतं, रागीट आहे म्हणून.

मग मी आत गेलो, झाकण उघडलं आणि ट्रान्झिस्टर बदलला. माझ्याच तारा होत्या, लाल कुठं आणि काळी कुठं ते हाताला पाठ होतं. कोपऱ्यातलं चामडं नवं होतं. त्यावर अंगठ्याचा दाब तसाच, एकसारखा, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

संध्याकाळी लाइट गेली. पोरंबाळं येऊन बसली. कंडक्टरांच्या सुनेनं माइक हातात घेतला आणि वंदना म्हणायला सुरुवात केली. मी दाराशी बसलो होतो. तिचा श्वास ऐकू येत होता. काही खुळखुळत नव्हतं. मला उजळाईवाडीचा चढ आठवला, आणि मागच्या बाकावर पाट्यांमध्ये पाय दुमडून बसलेला माणूस. वंदना संपली तरी मला उठवेना.

"आता?" कंडक्टरांनी निघताना विचारलं.

"आता काय. बिघडलं की मला सांगा."

हायवेला आलो. तिथून एक रस्ता कोल्हापूरला जातो आणि एक बेळगावला. मी गाडी कडेला घेऊन बराच वेळ थांबलो. बेळगावचा रस्ता मोकळा होता. पण माझं म्हणणं असं, की ज्यानं खोकं देऊन टाकलं त्यानं यायचं. मी कोल्हापूरला वळलो.

त्यानंतर मी एक खोकं केलंय. जुनं सागवान मिळवायला मला फार हिंडावं लागलं. सांधे मीच पाडलेत, खिळा लावलेला नाही, पण दादासारखे बसलेले नाहीत. झाकण ओतून आणलंय. माप दोन फूट आणि वर अडीच सूत. ते मी साध्या टेपनं, मोजून जास्त घेतलंय. ते दुकानात काउंटरच्या मागं फळीवर असतं. गिऱ्हाइकं विचारतात, हे केवढ्याला? या दुकानात ज्या वस्तूचा भाव मी सांगत नाही अशी ती एकच आहे. काहीजण हात लावून बघतात, आत डोकावतात आणि म्हणतात, एवढं छान केलंय, आतले कोपरे तेवढे कच्चे राहिलेत की.

राहिलेत. चामड्याच्या पट्ट्या मी आणून ठेवल्यात, सरसाचा डबाही शेजारीच आहे. वहिनीला गेल्या दिवाळीत सांगितलं, खोक्याचे कोपरे भरायचे राहिलेत म्हणून. तिच्या मागं कुणीतरी खोकत होतं, ते थांबलं. ती म्हणाली, "ह्यांना देऊ का?"

मी म्हटलं, "फोन नको. त्येला म्हणावं, सोमवारी दुकान उघडं असतं."